करडईतलं एक अक्षर

३ जानेवारी, शुक्रवार

माननीय प्रमुख,
तेलबिया प्रयोगशाळा, यांस,

सविनय नमस्कार. आपल्या प्रयोगशाळेची चोवीस पानी टिपणी आमच्या भाषांतर कार्यालयात पोचली. आपण करडईचं एक नवं वाण तयार केलं आहे. त्याची शेतात चाचणी घ्यायची आहे. त्यासाठी शेतं कोण देईल हे ठरवायला १६ मार्चला सभा आहे आणि त्या सभेत वाटायची पुस्तिका कुणालाही समजेल अशा भाषेत आम्ही लिहायची आहे, असं सोबतच्या पत्रात म्हटलं आहे. आम्ही म्हणजे मी. कार्यालयात माणसं दोनच. दुसऱ्या टंकलेखिका बाई. त्यांनी टिपणीचं पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "सर, दोष चष्म्याचा नव्हता."

तरी शंका विचारतो. टिपणीत एका ठिकाणी ‘जनुकीय फेरफार’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जनुकसंपादन’. पुस्तिकेत एकच ठेवावं लागेल. फेरफार म्हटलं की वाटतं, कुणीतरी आपल्या पाठीमागे कागद बदलले. संपादन म्हटलं की वाटतं, कुणीतरी समोर बसून लाल शाईने सुधारले. माझी एकतीस वर्षं लाल शाईतच गेल्यामुळे माझं मत निःपक्षपाती धरू नये.

दुसरी शंका बाळबोध आहे. नव्या करडईचं तेल ‘दीर्घकाळ ऑक्सिडीकरणास प्रतिरोधक’ राहतं, असं आपण लिहिता. म्हणजे ते लवकर खवट होत नाही, एवढंच ना? तसं असेल तर तसंच लिहितो.

पत्र कार्यालयीन आहे, तेव्हा इथे संपायला हवं. पण हे काम मी मागून घेतलेलं नाही, वाट्याला आलं, हे कळवणं भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या एका लेखापायी आपल्या चाचणीचं काय झालं ते दोघांनाही ठाऊक आहे. या वेळी दुसरा कुणी लिहिणारा हवा असेल तर दोन ओळी पुरेत. मला वाईट वाटेल. आश्चर्य वाटणार नाही.

आपला नम्र,
मुद्रितशोधक
(जन्मक्रमाने आपला थोरला भाऊ)

१२ जानेवारी, रविवार

माननीय बाई,

दोन ओळींऐवजी दोन बाटल्या आल्या. खोक्यात भुसा, भुशात बाटल्या, बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘आ’, आणि तळाशी चिठ्ठी. चिठ्ठी इथे उतरवून ठेवतो, कारण मूळ कागद तुमच्या वहिनीने ताब्यात घेतला आहे: ‘खिडकीत ऊन येईल तिथे ठेव. झाकण सैल. एकात आमच्या करडईचं तेल आहे, एकात नेहमीच्या. कोणतं कशात ते सांगणार नाही. दर रविवारी सकाळी वास घे आणि लिहून पाठव. मत नको, निरीक्षण हवं. खवट बरोबर आहे. आणि संपादन.’

अकरा वर्षांत तुमच्याकडून आलेला हा पहिला मजकूर. त्यात मायना नाही, पण व्याकरणाची चूकही नाही. शाळेच्या सुट्टीत दुपारी दुपारी तुम्हाला संधी शिकवले ते वाया गेलेले दिसत नाहीत. ‘मत नको’ हे मात्र जरा जड जातंय. मत वगळलं तर माझ्यात उरतं काय, असं मी तुमच्या वहिनीला विचारलं. "खवचटपणा," ती म्हणाली. हा शब्द तिने तुमच्याकडूनच घेतला. सहा वर्षांच्या असल्यापासून तुम्ही मला खवचटदादा म्हणत होतात, आणि घरात कुणीही तुम्हाला रागावलं नाही, याची मी तेव्हाच नोंद घेतली होती.

निरीक्षण पहिलं. अ: भाजलेल्या बियांचा हलका वास. आ: तोच. दोन्ही बाटल्या मी बराच वेळ नाकाशी धरून उभा होतो. वहिनी म्हणाली, "अहो, वास घ्यायचाय, मुलाखत नाही घ्यायची."

संस्कृतात तेलाला आणि मायेला एकच शब्द आहे, स्नेह, आणि त्यावर मी चार पानं आरामात लिहीन. पण ते मत होईल.

आपला,
बाटलीधारक

२६ जानेवारी, रविवार

बाई,

‘माननीय’ गळलं, कारण चिठ्ठीत तुम्ही मला सरळ अरेतुरे केलंत. मग मीच किती दिवस वाकून उभा राहू? यापुढे मीही तू म्हणतो. पटलं नाही तर तिसरी बाटली पाठव, त्यावर ‘इ’ लिही, मी समजेन.

निरीक्षण तिसरं (दुसरं कार्डावर पाठवलं होतं). अ आणि आ, दोन्ही पहिल्यासारखी. ऊन सकाळी नऊ ते बारा. झाकणं सैल.

पुस्तिकेचं दुसरं प्रकरण अडलं आहे. मला समजलं ते असं: करडईच्या बियांत एक जनुक असतं. ते तेलातला टिकाऊ भाग घेऊन त्याचा नाजूक भाग करतं, आणि तो नाजूक भाग हवेशी भांडून खवट होतो. ते जनुक बंद पाडलं की टिकाऊ भाग तसाच राहतो. वाक्य टंकलेखिका बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे मला समजलं. म्हणजे चुकलं असणार, नाही का?" चुकलंय का, तेवढं सांग.

आता ते बंद कसं पाडतात? टिपणी म्हणते, ‘लक्ष्यित छेद’. त्या छेदावर मी तीन दिवस बसून आहे. साधा शब्द हाताशी आहे, कात्री. पण तुझ्या कामाबद्दल तो शब्द मी पुन्हा लिहायचा नाही, असं ठरवलं होतं. कारण तुला माहीत आहे.

आणखी एक. टिपणीत म्हटलंय की हा बदल काही जातींच्या करडईत निसर्गतः आपोआपही झालेला आहे. मग तुम्ही एवढा खटाटोप का करता? हे कुतूहल आहे, टोमणा नाही. दोन्हींत फरक करायला तुला पूर्वीही जड जायचं, आणि त्यात दोष तुझा नव्हता.

दादा

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटीस,

सत्तेचाळीस वर्षांच्या प्रयोगशाळाप्रमुखांना हा मायना शोभत नाही, कबूल. पण तुझ्यामागून घरात कुणी आलंच नाही, त्यामुळे ती जागा कधी रिकामी झाली नाही.

चिठ्ठी मिळाली. ‘चुकलेलं नाही. कात्री लिही, कात्रीच आहे. पण कात्री फक्त कापते. जनुकातलं अक्षर गाळते ती पेशी, तुटलेलं सांधताना. निसर्गात झालेला बदल दुसऱ्या जातीत आहे. संकर करून इथल्या करडईत आणायचा तर कितीतरी वर्षं जातात आणि नको ते गुणही सोबत येतात. आम्ही इथल्याच करडईत तेवढंच केलं.’

हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि कार्यालयात दोन फेऱ्या मारल्या. म्हणजे कापून झाल्यावर तुम्ही काहीच करत नाही! पेशी बिचारी जोडायला धावते, घाईत एखादं अक्षर गाळते, आणि शब्द निरर्थक होऊन जनुक गप्प बसतं. घाईत अक्षरं गाळणाऱ्यांना मी जन्मभर पकडत आलो, आणि तुम्ही त्यांचीच वाट बघत बसता. मग शेकडो रोपं तपासून, चूक नेमकी हवी तशी झालेलं रोप शोधता. म्हणजे तूही अखेर मुद्रितशोधकच झालीस. एवढंच की मी चूक काढतो आणि तू चूक ठेवतेस.

आमच्या व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे, नुसतं न दिसणं. संधीत अकार लोपला तर त्याच्या जागी आपण अवग्रह मांडतो, ‘ऽ’, इथे कुणीतरी होतं असं सांगणारी खूण. हे शिकवताना तू विचारलं होतंस, "दादा, जो गेला त्याची खूण कशाला ठेवायची?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुधा ‘गप्प बस आणि पाठ कर’ असं. तुमच्या करडईत अशी काही खूण राहते का? आणि काम झाल्यावर कात्री जाते कुठे? सभेत कुणीतरी हे विचारणार. मी शेतकरी असतो तर मीच विचारलं असतं.

निरीक्षण पाचवं. अ: फरक नाही. आ: फरक नाही.

दादा

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटीस,

आधी एक कबुली. पाचवं आणि सहावं निरीक्षण खोटं आहे. त्या दोन्ही रविवारी मला सर्दी होती. कापलेला कांदा नाकाशी धरला असता तरी कळला नसता. रविवार चुकू नये म्हणून ‘फरक नाही’ लिहून टाकलं. वहिनीने विचारलं, "धाकटीला खोटं कळवलंत?" मी म्हटलं, तिला कसं कळणार? "कळलंय. मीच सांगितलं परवा फोनवर."

अशा रीतीने मला समजलं की तू आणि वहिनी अकरा वर्षं दर महिन्याला फोनवर बोलता. माझ्यापासून का लपवलं, असं विचारलं तर म्हणाली, "लपवलं कुठं? तुम्ही कधी विचारलं नाहीत." हे निरीक्षण आहे की मत, यावर मी अजून विचार करतो आहे.

तुझी चिठ्ठी पुस्तिकेत जवळजवळ जशीच्या तशी घातली आहे. ‘खूण राहत नाही. कात्री पहिल्या पिढीच्या रोपांत असते. त्यांच्या बियांतून काही पोरं कात्रीशिवाय जन्मतात, पण गाळलेलं अक्षर त्यांच्यातही गाळलेलंच असतं. आम्ही तेवढीच निवडतो, तपासून. या जनुकाच्या घराण्यात अकरा भावंडं आहेत. जे फक्त बियांत बोलतं त्या एकालाच गप्प केलंय. पानं, मुळं बाकीची दहा सांभाळतात.’

अकरांतलं एकच गप्प. आपण दोनच होतो, आणि दोघंही गप्प बसलो. तुमच्या प्रयोगशाळेत हे प्रमाण चाललं नसतं.

निरीक्षण सातवं. हे खरं आहे. नाक शुक्रवारपासून उघडं आहे. अ: भाजलेल्या बियांचा वास, थोडा कमी. आ: बदलला. जुना रंगाचा डबा उघडावा तसा वास, आणि झाकणाजवळ बोटाला चिकट लागतं. वहिनीला न सांगता दोन्ही हुंगायला दिल्या. तिने ‘आ’ तोंडापासून लांब धरली आणि म्हणाली, "ही कोणाची?" मी मत देत नाही. देण्याची तीव्र इच्छा आहे, एवढी नोंद असू दे.

दादा

२ मार्च, रविवार

धाकटीस,

‘ते दोन रविवार रिकामे धरले. रिकामी जागा चालते, खोटी भरलेली चालत नाही. सर्दी कशी आहे?’ यातलं शेवटचं वाक्य प्रयोगाचा भाग आहे की नाही, हे चिठ्ठीवरून ठरवता येत नाही. सर्दी बरी आहे. दोन्ही अर्थांनी कळवतो.

रिकामी जागा चालते म्हणतेस, म्हणून ज्या जागेभोवती मी जानेवारीपासून फिरतोय तिथे येतो.

तू जेवायला आली होतीस. आनंदात होतीस, घास हातातच राहत होता. नव्या कात्रीची पहिली परीक्षा झाली आणि ट्रेमधली सगळी रोपं पांढरी झाली, असं सांगितलंस. मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात लेख लिहिला, ‘कात्रीवाल्या बाईंची बाग’. हिरवी रोपं भीतीने पांढरीफटक पडली, असं काय काय लिहिलं. नाव तुझं नव्हतं, पण तालुक्याएवढ्या टापूत करडईवर कात्री चालवणारी बाई एकच होती. लोक हसले. मला पत्रं आली. पुढच्या आठवड्यात तू शेतं मागायला सभेत उभी राहिलीस, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कात्रीवाल्या बाई, आमचं पीकही पांढरं करणार का?" एकानेही शेत दिलं नाही. तू प्रयोगशाळा घेऊन दुसऱ्या गावी गेलीस, आणि मी म्हणत राहिलो की तुला विनोद कळत नाही.

थट्टा फार झाली. त्याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य अकरा वर्षांपूर्वी टपालात पडायला हवं होतं.

निरीक्षण आठवं. अ: तसंच. आ: वाईट.

दादा

९ मार्च, रविवार

धाकटीस,

या वेळी चिठ्ठीत तीनच शब्द. ‘एक वाक्य राहिलं.’

राहिलं. कुठलं ते मला माहीत आहे. आताही लिहायला बसलो होतो. लेखणी तिथपर्यंत येते आणि वळते.

पुस्तिका छापून झाली. बारा पानं, बाराशे प्रती. शेवटचं मुद्रित मी स्वतः तपासलं, तीनदा. टंकलेखिका बाईंनी एक प्रत घरी नेली, त्यांच्या सासूबाईंनी ती सलग वाचली आणि विचारलं, "मग हे तेल मिळतं कुठं?" माझ्या आयुष्यातली ही सर्वोत्तम समीक्षा.

वहिनी म्हणाली, तू सभेला येणार नाहीस, सहायिकेला पाठवणार आहेस. ‘त्या सभागृहात पुन्हा नाही,’ असं म्हणालीस म्हणे. मी जाणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. मागच्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही.

निरीक्षण नववं. अ: तसंच. आ: बाहेरच्या कठड्यावर ठेवावी लागली. ऊन तिथेही आहे. वहिनी आहे म्हणून प्रयोग चालू आहे.

दादा

१६ मार्च, रविवार, संध्याकाळ

धाकटीस,

सहायिका तुला सगळं क्रमाने सांगेल. मी मला दिसलं तसं लिहितो.

सभा दहाला होती. साडेनऊलाच मी दारातल्या टेबलावरून एक प्रत उचलली आणि सवयीने मधेच उघडली. सहावं पान, चौथी ओळ. ‘हे तेल वर्षभर ठेवलं तरी खवचट होत नाही.’

पुन्हा वाचलं. चष्मा पुसला. दोष चष्म्याचा नव्हता.

हस्तलिखित पिशवीत होतं. त्यातही तेच, माझ्याच अक्षरात. खवट लिहायचं होतं, खवचट लिहिलं. अडीच महिने तुला पत्रं लिहिणाऱ्या हाताने मधे ‘च’ कधी घातला, मला कळलं नाही. तपासताना तो शब्द तीनदा डोळ्यांखालून गेला, आणि तीनदा मी पुढे गेलो. स्वतःचं नाव कुणी चूक म्हणून वाचत नाही.

बाराशे प्रती. पहिल्या दोनशे लोकांच्या हातात पडलेल्या होत्या. माझी पहिली इच्छा सांगू? घरी जायची.

लोखंडी खुर्च्या, शिट्टी वाजवणारा माईक. सहायिका छान बोलत होती. मग घाणेवाले काका उठले. आसपासची बहुतेक करडई त्यांच्याच घाण्यावर जाते, त्यामुळे त्यांचं नाक हेच इथलं शेवटचं न्यायालय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तिका लांब धरली आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "वर्षभर ठेवलं तरी… खवचट होत नाही." थांबले. "फार चांगलं. एक डबा आमच्या व्याह्यांकडे पाठवून द्या."

सभागृहात एकच हशा पिकला. आणि त्या हसण्यातूनच मागून एक आवाज आला, "कात्रीवाल्या बाईंचंच ना हे? मागं पांढरी झाली होती, आता गोड बोलायला लागली!" दुसऱ्यांदा हशा. तुझ्या सहायिकेने माईक दोन्ही हातांनी धरला होता. तू तिथे कशी उभी असशील ते अकरा वर्षांनी मला दिसलं.

मी उठलो. "चूक माझी आहे."

"तुम्ही कोण?" काकांनी विचारलं.

"पुस्तिका मी लिहिली. त्यात खवचट मी आहे, तेल नाही. सहावं पान, चौथी ओळ. सगळ्यांनी तेवढा च खोडा."

माणसं खिसे चाचपू लागली. ज्यांच्याकडे पेन नव्हतं त्यांनी शेजाऱ्याचं घेतलं. दोनशे जण एकाच वेळी एकच अक्षर खोडताहेत, हे दृश्य माझ्या धंद्यातल्या कुणीही पाहिलेलं नसेल.

"खवट होत नाही," काकांनी वाचलं. "हां. आता बरोबर."

मग मला सुचलं. मी म्हटलं, "काका, या शब्दात तुम्ही बाहेरचं काही घातलंत?"

"नाही. काढलं."

"बाकीची अक्षरं?"

"होती तीच."

"आणि अर्थ?"

"अर्थ बदलला की."

"करडईत या लोकांनी एवढंच केलंय. बाहेरून आणून काही ठेवलं नाही. एका जनुकातलं अक्षर गेलं, ते गप्प झालं, आणि तेल टिकायला लागलं."

काका लगेच बसले नाहीत. पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, आणि विचारलं, "ते बरं आहे. पण खोडायचं पेन? ते बियांत राहिलं का?"

धाकटे, हाच तो प्रश्न. मी म्हटलं, "तुमचं पेन आता कुठं आहे?"

"खिशात."

"पानात?"

"पानात कसं असेल?" मग स्वतःच मान हलवली. "पण हे तपासलं कुणी?" यावर तुझ्या सहायिकेला आवाज सापडला. कात्री उरलेली रोपं कशी वेगळी काढतात, हे तिने माझ्याहून कितीतरी चांगलं सांगितलं. मी बसायला लागलो होतो.

तेवढ्यात तो मागचा आवाज म्हणाला, "आणि ती पांढरी झालेली रोपं? त्याचं काय?"

मी पुन्हा उभा राहिलो.

"तो लेख मी लिहिला होता. ती रोपं पांढरीच व्हायला हवी होती. कात्री नेमक्या जागी चालते का हे बघायला, आधी हिरवेपणाचं जनुक मुद्दाम बंद करून पाहतात. रोप पांढरं झालं म्हणजे कात्री बरोबर चालली. माझ्या बहिणीने मला जेवताना सांगितलं होतं, ‘सगळी पांढरी झाली दादा, हेच हवं होतं!’ माझ्या लेखात पहिलं वाक्य आहे. दुसरं मी गाळलं. घाईत नाही. लेख तीनदा वाचून. ते ठेवलं असतं तर कुणी हसलं नसतं."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे एवढी वर्षं त्या बाईंना आम्ही हसलो, ते तुमच्यापायी?" काकांनी विचारलं.

"हो."

"बहीण ना तुमची?"

"धाकटी."

काका बसले. पुस्तिकेची घडी करून खिशात घातली आणि पुन्हा उठले. "माझा अर्धा एकर लिहा. पण तेल माझ्या घाण्यावर गाळायचं आणि वास मी घेणार. गाळायचं काम यापुढं माझ्याकडं. तुम्ही पुष्कळ गाळलंत."

त्यांच्यामागून दोघं उठले. पहिल्या रांगेतल्या एक शेतकरी बाई म्हणाल्या, "मला अजून पटलेलं नाही. पण काकांच्या शेतात येऊन बघीन." मागचा आवाज जाताना पुस्तिका बरोबर घेऊन गेला.

टिपणीत पाच शेतं मागितली होती. तीन मिळाली. तेवढ्यावर चाचणी होते की नाही, हे चोवीस पानांत कुठेच लिहिलेलं नाही. मी घरी आल्यावर सगळी पुन्हा वाचली. माझा च नसता तर पाच मिळाली असती का, हेही मला सांगता येत नाही. तूच कळव.

निरीक्षण दहावं राहिलं. आजची जागा रिकामी धर.

दादा

३० मार्च, रविवार

धाकटीस,

चिठ्ठी या वेळी पाकिटातून आली. टपालवाला दारात असतानाच वहिनीने उघडली, वाचली, आणि माझ्या टेबलावर ठेवून आत गेली. तिला आधीच सगळं ठाऊक असणार.

‘तीन शेतं पुरतात. पेरणीला मी स्वतः येणार. अ आमचं, आ नेहमीचं. तुला सातव्या रविवारीच कळलं होतं आणि तरी तू मत दिलं नाहीस, त्याची नोंद केली आहे. येईन तेव्हा तुमच्याकडे उतरेन. पुस्तिकेच्या उरलेल्या हजार प्रती सुधारून छापू नकोस. सभेत खोडायला लावायला बऱ्या आहेत.’

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी बराच वेळ पहिल्याच ओळीवर होतो, कारण अकरा वर्षांत पहिल्यांदा तू मायना घातला आहेस: ‘खवऽट दादास’.

च काढलास, आणि तो होता तिथे अवग्रह मांडलास. जो गेला त्याची खूण कशाला ठेवायची, हे तू मला विचारलं होतंस. आता मी तुला विचारणार नाही.

मात्र गुरू या नात्याने कळवणं माझं कर्तव्य आहे की हे अशुद्ध आहे. अवग्रह लोपलेल्या अकारालाच लागतो. गाळलेल्या ‘च’साठी तो मांडायला कुठल्याही व्याकरणाची परवानगी नाही. शिवाय उरलेला शब्द मला सरळ सरळ खवट म्हणतो, म्हणजे कठड्यावरच्या बाटलीच्या रांगेत बसवतो. मी लाल पेन उचललं. टोपण काढलं. कागद डाव्या हाताने नीट धरला, एकतीस वर्षं धरतो तसा.

मग टोपण लावून ठेवलं. चूक दिसूनही मी ठेवलेली ही पहिलीच.

निरीक्षण बारावं. आ: वहिनीने रद्दबातल केली. अ: भाजलेल्या बियांचा हलका वास, अजून. ही बाटली तू येईपर्यंत खिडकीत राहील. वास तू स्वतः घेऊन बघ. माझ्या नाकाचा इतिहास तुला ठाऊक आहे.

तुझा,
खवऽट